बसायला मिळेल ना?

फोनवर मी आईला शिकागोचा बेत वाचून दाखवत होते. सकाळी अमुक, मग चालत तमुक, दुपारी बोट, संध्याकाळी टॉवर. आई मधूनमधून "हं" म्हणत होती. तिच्याकडे सकाळ होती, मागे कुकरची शिट्टी, भाजीवाल्याची आरोळी. माझं वाचून झाल्यावर ती म्हणाली, "छान आहे गं. पण मध्ये कुठे बसायला मिळेल ना?" मी म्हटलं, मिळेल की. फोन ठेवला आणि लॅपटॉपवरच्या तक्त्याकडे बघत राहिले. वेळ, अंतर, तिकीट, कोणत्या वारी बंद. शिकागोत काय बघावं हे सांगणाऱ्या शंभर याद्या आहेत, पाच मिनिटांत उघडतील. बूड कुठे टेकावं हे सांगणारी एकही नाही.

आम्ही राहतो त्या इलिनॉयमधल्या शॅम्पेन गावात बघण्यासारखं काय, तर मका. सपाट जमीन, मका, मग सोयाबीन, मग पुन्हा मका, आणि क्षितिजावर धान्याचं उंच कोठार. आई-बाबा येणार येणार म्हणत इतकी वर्षं गेली. आता सप्टेंबरात खरंच येतायत. मराठी घरांतून येणारे आई-बाबा या गावात काय करतात ते मी शेजारपाजारी पाहिलेलं आहे. वडील सकाळी कॉलनीच्या टोकापर्यंत चालून येतात, आई खिडकीशी उभी राहून माणूस दिसतो का बघते, आणि आठवड्याभरात दोघंही अगदी प्रामाणिकपणे विचारतात, इथं लोक राहतात कुठं? म्हणून शिकागो. बाबांच्या जॉगिंग ट्रॅकवरचे मित्र ग्रुप टूरने अमेरिका करून आलेले आहेत: न्यूयॉर्क, नायगारा, लास व्हेगास. त्यांच्यातल्या एकानं विचारलं म्हणे, शिकागोत आहे काय? "विवेकानंद," बाबा म्हणाले. त्यावर पुढे कुणी काही बोललं नाही.

बेत आखणं हे आमच्या घरात बाबांचं काम. ते पाटबंधारे खात्यात होते. एलटीसीवर 'महाराष्ट्र दर्शन' मिळायचं तेव्हा खात्याच्या डायरीत निळ्या शाईने एसटीच्या वेळा उतरवलेल्या असायच्या, कंसात पर्यायी गाडी, आणि सहलीचं शेवटचं पान कुठल्यातरी धरणावर संपायचं. लोक पैठणला नाथांच्या दर्शनाला जातात, आम्ही नाथसागराचे दरवाजे मोजले. आईचं काम म्हणजे भडंग, थर्मास, सतरंजी, आणि सामानापाशी बसणं. हे सामानापाशी बसणं आता आठवलं की मला कुठेतरी टोचतं. दौलताबादच्या किल्ल्यात आम्ही अंधारीतून, त्या काळोख्या भुयारी वाटेतून, किंचाळत वर गेलो, आई खाली, तोफांच्या जवळच्या झाडाखाली, दोन पिशव्या आणि धाकट्याचा स्वेटर सांभाळत. वेरूळला कैलास लेण्याच्या वरच्या कड्यावरून आम्ही तिला हात केला, ती खालून शोधत राहिली. त्या सहलींच्या फोटोंत आई जवळजवळ नाहीच. आम्ही, मागे मंदिर. आम्ही, मागे धरण. मध्यंतरी एकदा, इतक्या वर्षांनी, ती सहज म्हणाली, "त्या अंधारीत खरंच काहीच दिसत नाही का गं?"

मला उत्तर देता आलं नाही.

तर मी तक्ता मिटवला आणि एका शनिवारी एकटीच शिकागोला गेले, फक्त बसायला. कुठे, किती वेळ, उठताना धरायला काही आहे का, जवळ स्वच्छतागृह कुठे. आमच्याकडून जाणारी गाडी युनियन स्टेशनला पोचते, आणि तिथेच कामाला सुरुवात झाली, कारण त्या स्टेशनात एक मोठा हॉल आहे, १९२५ सालचा, छत शंभर फुटांहून उंच आणि काचेचं, आणि खाली लाकडी बाकांच्या लांबच लांब रांगा. पाठ ताठ, बैठक रुंद, लाकूड हजारो लोकांच्या बसण्याने गुळगुळीत झालेलं. मी आईच्या वयाची असल्यासारखी हळूच बसले, गुडघा पुढे करून. वरून उजेड असा सांडत होता की समोरून घाईने जाणाऱ्या माणसांच्या सावल्यासुद्धा मऊ वाटाव्यात. या भागात पूर्वी नदीजवळच्या कारखान्यातून भाजलेल्या कोकोचा वास यायचा. पहिल्यांदा आले तेव्हा स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच तो आला होता आणि मला कळेना की एवढ्या मोठ्या शहरात कोण ब्राउनी करतंय. २०२४मध्ये तो कारखाना बंद झाला. आईला तो वास दाखवायचा होता. आता नदीचा वास, डिझेलचा वास, आणि मिशिगन अव्हेन्यूवर गेलं की चीज नि कॅरॅमल एकत्र केलेल्या पॉपकॉर्नचा, जो मला अजून आवडतो की नाही ते ठरवता आलेलं नाही.

त्या दिवसाची खरी कमाई म्हणजे कल्चरल सेंटर. १८७१च्या आगीत शहराचा मधला भाग जळून गेला, आणि पुढच्या पंचवीस-सव्वीस वर्षांत लोकांनी सार्वजनिक वाचनालयासाठी जी इमारत उभी केली ती ही, १८९७ची. आत जायला पैसे नाहीत, तिकीट नाही, कुणी पिशवी उघडून बघत नाही. पांढऱ्या संगमरवरी जिन्यांवर रंगीत काचेचे आणि शिंपल्यांचे तुकडे बसवलेले, आणि वरच्या दालनावर टिफनीचा काचेचा घुमट: व्यास ३८ फूट, काचेचे सुमारे ३० हजार तुकडे. घुमटाच्या अगदी माथ्यावर बारा राशी आहेत. हे वाचून माहीत असणं वेगळं आणि मान मागे टाकून आपली रास शोधणं वेगळं. आई रोज पेपरात आधी भविष्य वाचते आणि मग "काही खरं नसतं" म्हणून पान उलटते. तिला मी या घुमटाखाली बसवणार आणि तिची रास शोधायला सांगणार. स्वच्छतागृहं आहेत, लिफ्ट आहे, आणि बाहेर वारा सुटला तर आत बसलेल्या माणसाला "काही घेणार का?" असं कुणी विचारत नाही. अमेरिकेत हे शेवटचं फार दुर्मीळ. इथं बसण्याचे पैसे पडतात. कॉफीचा कप हे खुर्चीचं भाडं असतं.

मग रस्ता ओलांडून मिलेनियम पार्क. तिथला तो चकचकीत पोलादी घेवडा सगळ्यांनी फोटोत बघितलेला आहे, शिल्पकार अनिश कपूरांचा, आणि ते मुंबईत जन्मले हे आई कुणालातरी सांगणारच. १६८ पत्रे जोडून केलाय आणि जोड घासून असे घालवलेत की बोट फिरवलं तरी सापडत नाही. लोक त्यात स्वतःलाच शोधतात. मी जरा लांब बसून शोधणाऱ्यांना शोधत होते. एक आजी व्हीलचेअरवरून आरशाच्या पोटाखाली गेल्या, वर बघितलं, आणि स्वतःच्या वाकड्यातिकड्या झालेल्या रूपाकडे बघून इतक्या हसल्या की ढकलणारा मुलगाही हसायला लागला.

तिथून मिशिगन तळ्याकडे जाताना एक गोष्ट लक्षात येते जी यादीत 'बघण्याची' म्हणून कधीच नसते. पाणी आणि उंच इमारती यांच्या मध्ये मोकळी हिरवी जागाच जागा आहे. मुंबईकर माणसाला तर हे बघून आधी कौतुक आणि मग राग येतो. १८३६ साली कालवा आयुक्तांनी प्लॉट विकायला नकाशा केला आणि त्यात या पट्ट्यावर लिहून ठेवलं की ही सार्वजनिक जागा, कायम मोकळी, कुठल्याही इमारतीचा किंवा अन्य कशाचा अडथळा नसलेली राहावी. नकाशावरच्या अशा ओळींचं पुढे काय होतं ते आपल्याला माहीतच आहे. इथंही तेच होऊ घातलं होतं. पण समोरच ज्याची कचेरी होती तो माँटगोमेरी वॉर्ड, पोस्टाने माल विकणारा व्यापारी, १८९०मध्ये कोर्टात गेला आणि पुढची वीस वर्षं जातच राहिला. शहरातली बडी मंडळी, वर्तमानपत्रं, सगळे त्याच्यावर चिडलेले. बकिंगहॅम कारंज्याजवळच्या बाकावर बसून मी हे फोनवर वाचत होते तेव्हा तुषार अंगावर येत होते आणि समोर मिशिगन तळं, ज्याला तळं म्हणायला जीभ वळत नाही. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, गलबतं आहेत; फक्त वास नाही. खारं काहीच नाही, मासळी नाही, हवा चिकट नाही. आई गणपतीपुळ्याला समुद्र दिसायच्या आधी वासावरून सांगते, आला. इथं तिचं नाक फसणार आहे.

बाबांचा प्रश्न वेगळाच निघाला. त्यांना मी बोटीच्या फेरीबद्दल सांगितलं, नदीतून दोन्ही बाजूंच्या इमारती दाखवतात वगैरे, तर ते म्हणाले, "ती नदी उलटी केलेली आहे ना?" मी गप्प. मग त्यांनीच सांगितलं. शहराचं सांडपाणी नदीतून तळ्यात आणि पिण्याचं पाणीही त्याच तळ्यातून, म्हणून टायफॉइड आणि कॉलरा. तेव्हा त्यांनी २८ मैलांचा कालवा खोदला, नदीच्या तळापेक्षा खोल, आणि २ जानेवारी १९००ला पाणी सोडलं. जी नदी तळ्याला मिळत होती ती तळ्यातून निघायला लागली. मैला खालच्या अंगाला, शेवटी मिसिसिपीत. "मग खालचे भांडले असतील," मी म्हटलं. "भांडणारच. सेंट लुइसवाले सुप्रीम कोर्टात गेले, १९०६ला हरले." पुढे तळ्याकाठची बाकीची राज्यंही भांडली, की आमचं पाणी हे लोक पळवतात, आणि आता इलिनॉय राज्यानं तळ्यातून सरासरी किती पाणी घ्यावं याला कोर्टाची मर्यादा आहे: ३,२०० क्युसेक. हा आकडा बाबांनी असा उच्चारला की मला क्षणभर वाटलं ते गंगापूर धरणाच्या विसर्गाबद्दल बोलतायत. नाशिकमध्ये राहणाऱ्या, नोकरीची अर्धी वर्षं पैठणला काढलेल्या माणसाला वरचे आणि खालचे यांचं भांडण समजावून सांगावं लागत नाही. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला किती पाणी सोडावं यावरचा मेंढेगिरी समितीचा अहवाल आला तेव्हा ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्यांनी तो छापून घेऊन समासात पेन्सिलीने टिपणं केली होती. कुणासाठी, हे आम्ही विचारलं नाही. तर त्यांना ती बोट हवीये जी नदीतून निघून लॉकमधून, म्हणजे पाण्याची पातळी जुळवणाऱ्या दारांच्या हौदातून, तळ्यात जाते. लॉकमध्ये पाण्याची पातळी दोन ते पाच फूट वर-खाली होते, एवढंच. समोर जगातली सर्वांत देखणी आकाशरेषा असताना बाबा बोटीच्या कडेला ओणवून भिंतीवरच्या ओल्या खुणा बघणार, हे मी आत्ताच लिहून देते.

टॉवरवर मात्र आमचं घोडं अडलं. पूर्वीचा सीअर्स, आताचा विलिस. १,४५० फूट, ११० मजले, १९९८पर्यंत जगात सर्वांत उंच. १०३व्या मजल्यावर काचेच्या पेट्या बाहेर काढल्यात, पायाखाली काच आणि काचेखाली रस्ता. मला तो दाखवायचाय त्याचं कारण फझलुर रहमान खान. ढाक्यात जन्मलेला हा इंजिनिअर १९५२मध्ये शिकायला आला तो आमच्या शेजारच्या अर्बानाला, याच मक्याच्या गावात. नऊ चौकोनी नळकांडी एकमेकांना बांधून उभी केली की वारा एकट्या कुणाला वाकवू शकत नाही, म्हणून कमी पोलादात इतकं उंच जाता येतं, ही त्याची युक्ती. माझ्या मनात असं चित्र होतं की मी हे बाबांना समजावतेय आणि आई काचेवर उभी आहे, माझा हात घट्ट धरून. मी तिकिटाचा दर सांगितला. आईने मनात गुणाकार केला, तो मला फोनवरही ऐकू आला. "तिघांचे?" ती म्हणाली. मग लगेच, अगदी सवयीने, "तुम्ही दोघं जाऊन या. मी खाली बसते."

मी चिडलेच. म्हटलं, आई, आता कुठल्या पिशव्या सांभाळायच्यात तुला? इतक्या लांब येऊन तू परत खालीच बसणार का? ती जरा थांबली. म्हणाली, "अगं, मला आवडतं बसायला. तुम्ही वर जाता आणि तेच ते बघता, लांबचं. मी खाली बसून माणसं बघते. दौलताबादला एक बाई भेटली होती, कन्नड गावची, तिने मला सबंध तिच्या सुनेची गोष्ट सांगितली. तुम्ही खाली आलात तेव्हा नेमकी मजा यायला लागली होती." मी इतकी वर्षं त्या झाडाखाली एक बिचारी बाई बसवून ठेवली होती. पण ही गोष्ट पूर्ण खरी मानायलाही मन तयार नाही, कारण अंधारीत काही दिसत नाही का, हे विचारणारीसुद्धा तीच. दोन्ही खरं असेल. किंवा कन्नडची बाई तिने त्या क्षणी माझ्यासाठी काढली असेल, आया काढतात. टॉवरची तीन तिकिटं काढावीत की दोन, यावर मी अजून अडलेली आहे, आणि प्रश्न पैशांचा नाही.

एक ठिकाण मात्र तिने स्वतः मागून घेतलं. ती शाळेत होती तेव्हा दर वर्षी वक्तृत्व स्पर्धेत कुणीतरी पोरगं कमरेला भगवा कपडा गुंडाळून "माझ्या अमेरिकन बंधू-भगिनींनो" म्हणायचं, आणि आई पडद्यामागे उभी राहून विसरलेला शब्द सांगायची. ते भाषण ११ सप्टेंबर १८९३ला जिथं झालं ती इमारत म्हणजे आजचं आर्ट इन्स्टिट्यूट. ज्या सभागृहात झालं ते परिषदेपुरतंच उभारलेलं होतं. आता तिथे दुसरं सभागृह आहे. दारातले सिंहसुद्धा नंतरच्या वर्षीचे. बाहेरच्या रस्त्याला मानाने विवेकानंदांचं नाव दिलंय. मी आईला सांगितलं की २०१०मध्ये मुंबईच्या जितीश कल्लाट यांनी त्या इमारतीतल्या भव्य जिन्याच्या पायऱ्यांवर ते सबंध भाषण दिव्यांच्या अक्षरांत मांडलं होतं, दहशतवादी हल्ल्याच्या इशाऱ्यासाठी अमेरिकन सरकार वापरायचं त्या पाच रंगांत, कारण तारीख तीच, अकरा सप्टेंबर. धर्मवेड संपो म्हणणारं भाषण आणि त्याच तारखेला एकशे आठ वर्षांनी ती विमानं. माणसं त्या अक्षरांवरून पाय टाकत वर जायची. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पायऱ्या किती आहेत?"

लिफ्ट आहे, मी म्हटलं. आणि आत व्हीलचेअर मिळते. इथं मात्र बिनसलं. व्हीलचेअर कशाला, मी काय आजारी आहे? आता हीच बाई विमानतळावर व्हीलचेअर घेणार आहे, अर्ज मीच भरलाय. मुंबईहून अमेरिकेला येणाऱ्या विमानाच्या दाराशी व्हीलचेअरची जी रांग लागते ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी वेगळं काय सांगू. नऊवारीतल्या आज्या, स्वेटर घातलेले काका, अर्ध्यांचे गुडघे ठणठणीत. इंग्रजीचं भय आणि इमिग्रेशनचं भय चाकांवर बसवून पुढे नेलं की सोपं जातं. तिथं सगळेच बसलेले असतात, त्यामुळे लाज नाही. संग्रहालयात ती एकटीच बसलेली असणार. मी चार वेगवेगळ्या बाजूंनी समजावलं, मग सोडून दिलं. तिकडे दालनांत मधोमध गाद्यांचे बाक आहेत, मी बसून पाहिलंय. एका बाकावरून दुसऱ्या बाकावर, असं करत विवेकानंदांपर्यंत पोचू. वाटेत चित्रं लागतील.

दरम्यान बाबांनी व्हॉट्सॲपवर डायरीच्या पानाचा फोटो पाठवला. खात्याची डायरी बंद झाली, आता बँकेची मिळते, शाई मात्र निळीच. त्यांचा बेत. त्यात नदी आहे, लॉक आहे, विवेकानंद आहेत, टॉवरपुढे प्रश्नचिन्ह आहे, आणि तळाला दोनदा अधोरेखित केलेलं 'लॉकपोर्ट'. हे कुठलं? तर तो २८ मैलांचा कालवा जिथं संपतो, पाणी अडवायची आणि सोडायची दारं जिथं आहेत, ते गाव. मी गाड्या पाहिल्या. तिकडे जाणारी लोकल फक्त कामाच्या दिवशी, चाकरमान्यांच्या वेळेला: शहरातून निघते दुपारनंतर, आणि परतीची मिळते दुसऱ्या दिवशी सकाळी. मी हे दोघांना स्पीकरवर सांगितलं.

"मग रात्री तिथंच राहू," बाबा म्हणाले.

"राहा तुम्ही," मागून आई. "मी पैठणलाही हेच केलं. आणि काय गं, तिकडे दारांपाशी बाकं आहेत का, ते आधी बघ."